सव्वा महिन्याच्या नातीची कावीळ

प्रश्न : नात सव्वा महिन्याची आहे. डोळे अजून पिवळे, शी पांढुरकी. शेजारणी म्हणतात, कोवळ्या उन्हात धरा. थांबावं का? – एक आजी, निपाणी

उत्तर : आजी, थांबू नका. दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ आणि पांढुरकी शी म्हणजे पित्तनलिका बंद असल्याची शंका. ती उन्हानं उतरत नाही, झाडपाल्यानंही नाही. बाळाच्या आईच्या खाण्यापिण्याला मात्र बोल लावू नका. नेमकं कारण वैद्यकशास्त्रालाही अजून सापडलेलं नाही. उद्याच बेळगावला जिल्हा रुग्णालयात किंवा केएलई रुग्णालयात बाळ दाखवा, शीचं दुपटंही सोबत न्या. रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन, सोनोग्राफी, लागल्यास यकृताची बायोप्सी करतात. निदान पक्कं झाल्यास आतडं यकृताला जोडणारी ‘कसाई’ शस्त्रक्रिया, शक्यतो ६० दिवसांच्या आत. जपानी सर्जन मोरिओ कसाई यांचं हे नाव, घाबरू नका. तरीही पित्त वाहिलं नाही, तर यकृत प्रत्यारोपणाचा मार्ग उरतो.