वाळक्या फांदीतील बिऱ्हाड

श्रोते हो, आजचा पाठ वेदान्तातील नाही. आमच्या परसातील एका वाळक्या फांदीचा आहे. कल्याण व उल्हासनगर यांच्या मधल्या या विठ्ठलवाडीत एकीकडे रेल्वेचे रूळ, दुसरीकडे इमारती. उरल्या जागेत आमचे बिऱ्हाड आणि एक जुना शेवगा. गेल्या चैत्रात त्याची एक फांदी वाळली. वाळले ते काढून टाकावे, म्हणून आम्ही कोयतेवाल्यास बोलावले. फांदी खाली आली आणि तो म्हणाला, "बुवा, आत पिल्ले आहेत हो!" फांदीच्या खालच्या अंगास पेढ्याएवढे गोल भोक, आणि आत पिसे न फुटलेली दोन पिल्ले. ती वाचली नाहीत. तांबटाची जोडी संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालीत होती. दोष कोयत्याला कशाला द्यावा? होकार आमचा होता.

आता विचार करू की, हिरव्या फांद्या सोडून हा पक्षी वाळक्या फांदीत का शिरला? तांबट चिमणीएवढा, अंग हिरवे, कपाळ तांबडे. भांडी घडविणाऱ्या तांबटाच्या हातोडीसारखा 'टुक् टुक्' आवाज करतो, म्हणून हे नाव. नर-मादी दोघेही चोचीने ढोली कोरतात. पण त्यांची चोच म्हणजे काही सुताराची पटाशी नव्हे. तिला मऊ, कुजू लागलेले लाकूड लागते. शेवगा, पांगारा अशा झाडांची वाळकी फांदी म्हणूनच त्यांच्या सोयीची. आपण जिला मेलेली म्हणतो, ती त्यांची ओसरी-माजघर.

ढोलीस संस्कृतात कोटर म्हणतात. हे कोटर एकाच धन्याचे राहत नाही. तांबट गेला की दयाळ तेथे संसार थाटतो. पोपट भोक मोठे करून घेतो. मैना आणि पिंगळा यांना कोरण्याची कला नाही. त्यांना जुन्या झाडाची तयार ढोली हवी. म्हणून एक जुने झाड तोडून दहा रोपे लावली, तरी हिशेब लगेच फिटत नाही. रोपास ढोली पडायला कैक वर्षे जावी लागतात. तोवर या जीवांनी कुठे राहावे?

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिरास एका पोपटाची कथा सांगतात. पारध्याचा विषारी बाण चुकून एका महावृक्षास लागला आणि तो वाळला. त्याच्या कोटरात राहणारा पोपट मात्र हलेना. इंद्राने ब्राह्मणाच्या रूपाने येऊन कारण विचारले. पोपट म्हणाला, येथेच जन्मलो, येथेच वाढलो, याने मला राखले. इंद्राने वर दिला, तेव्हा त्याने झाडाचेच जीवन मागितले. ही कथा आम्ही वर्षानुवर्षे निष्ठेचा दृष्टान्त म्हणून लावीत आलो. पण त्यातील 'कोटर' या शब्दाचा अर्थ आम्हांस फांदी पडल्यावर कळला!

आता कृतीचे सांगतो. पावसाळ्याआधी फांद्या छाटण्याची आपली रीत. नेमके तेच दिवस कावळ्यांच्या घरट्यांचे. पाऊस लागला की बगळ्यांची घरटी होतात. तेव्हा छाटणी कार्तिकी वारीनंतर, मार्गशीर्षाच्या सुमारास करावी. त्या दिवसांत घरटी कमी असतात. तरीही कोयता लावण्याआधी झाडाखाली घटकाभर स्वस्थ बसावे. चोचीत काही घेऊन पक्षी येतो-जातो का, हे पाहावे. वाटेवर पडेल अशी फांदी अवश्य काढावी, माणसाचा जीवही जीवच. पण धोका नसेल तेथे वाळके खोड उभे राहू द्यावे.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणे वा घरटे विस्कटणे हे शिकारीतच मोडते. आणि १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग झाड आपल्या अंगणातले का असेना.

आमच्या शेवग्यावर आणखी एक फांदी वाळत आली आहे. ती आम्ही तशीच ठेवली आहे.