काळ्या रेघा आणि साठ्याची नोंद

आमच्या पेठ गावाच्या नावातच बाजार आहे. शेजारच्या जुन्नरचा बाजार तर सातवाहनकाळापासूनचा. तेथील बौद्ध लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. कोणी, काय, किती हे तिन्ही त्या दगडावर सापडते. मालसाठ्याच्या नोंदीलाही हेच प्रश्न विचारावे लागतात.

पुढे गावाचे दप्तर कुळकर्ण्याच्या हाती गेले. सरकारी वसूल ठाण्यावर पोहोचविणे हे महार वतनदाराचे काम. पण ज्याने ओझे वाहिले त्याच्या हाती लेखणी नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले, आणि १९५८च्या कायद्याने ही वतने रद्द ठरली. आज चाकणकडच्या गोदामांत हाती स्कॅनर घेतलेली आमची मुले पाहतो, तेव्हा आम्हांला हा इतिहास आठवतो. खोका उचलणारा व त्याची नोंद करणारा तेथे एकच असतो.

मात्र नुसते बटण दाबणे म्हणजे नोंद ठेवणे नव्हे. काळ्या रेघा प्रकाश शोषतात, पांढऱ्या जागा तो परतवितात. त्या फरकावरून यंत्र अंक वाचते. दुकानातील मालावर या पद्धतीचा पहिला वापर २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ट्रॉय येथे च्युइंगमच्या पुड्यावर झाला. आपल्याकडील नेहमीच्या बारकोडात १३ अंक असतात. त्यांत वस्तूचे नाव नसते, किंमत नसते. ती संगणकातील यादीत असतात. आरंभी ८९० असले म्हणजे माल भारतातच बनला असेही नाही. तो क्रमांक भारतातील नोंदणी संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटचा अंक पडताळ्याचा. ८९०१२३४५६७८९ हे १२ अंक घ्या. विषम स्थानांची बेरीज २८. सम स्थानांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०, पुढचा दशक गाठायला काही उरत नाही, म्हणून तेरावा अंक ०. पालकांनी घरातील बिस्किटांच्या पुड्यावर मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे.

हा पडताळा अंकांचा होतो, मालाचा होत नाही. एक पुडा टिपून संख्या २४ घातली आणि खोक्यात दोन प्रकार मिसळलेले निघाले, तर यंत्र तक्रार करीत नाही. वापरण्याची मुदतही या रेघांत नसते. ती छापील तारीख वाचूनच जुना माल पुढे मांडावा लागतो. आठवड्याला एकेका कप्प्याची प्रत्यक्ष मोजणी करून यादीशी ताडणे, हे किराणा दुकानदारालाही जमण्याजोगे आहे.

आणखी एक. गोदामातील यंत्रावर कामगार आपल्या क्रमांकाने प्रवेश करतो, तेव्हा कोणी, कोणत्या मिनिटाला, किती खोके टिपले हेही साठत जाते. बाबासाहेबांकडे मजूर खाते असताना आलेल्या विधेयकाने १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. जादा तासांना आज दुप्पट मजुरीचा कायदा आहे. आपली पहिली आणि शेवटची टिपणी कोणत्या वेळेची, हे मुलांनी रोज स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे आणि पगाराच्या दिवशी ती वही सोबत न्यावी.