पाळी कमी झाली तेव्हा

"दहा मिनिटांचं काम आहे. सकाळी या, संध्याकाळी घरी." असं मला सांगितलं होतं आणि झालंही तसंच. नववा आठवडा चालू होता, सोनोग्राफीत बाळाचे ठोके सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी गेले, भूल दिली, क्युरेटिंग झालं, संध्याकाळी घरी आले. डिस्चार्ज कार्ड औषधांबरोबर कुठेतरी ठेवलं. ते पुन्हा कधी सापडलं नाही.

सात आठवड्यांनी पाळी आली. आली म्हणजे एक दिवस तपकिरी डाग पडले, संपलं. आधी माझी पाळी चार दिवस चालायची. पुढच्या महिन्यातही तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तर डागही नाहीत. ओटीपोटात मात्र पाळीच्या वेळी दुखायचं तसंच दुखायचं, उलट जास्तच. सासूबाई म्हणाल्या, अंगात रक्त नाही, हळिवाचे लाडू खा. शाळेतली मैत्रीण म्हणाली, कटकट गेली म्हण की! डॉक्टर म्हणाले, "होतं असं, ताण घेऊ नका." त्या सगळ्यांना माझी काळजी होती. पण त्या काळजीत माझं दीड वर्ष गेलं.

त्या दीड वर्षात थायरॉइड झालं, प्रोलॅक्टिन झालं, नवऱ्याची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. पाळी येण्यासाठी गोळ्या दिल्या, तरी पाळी आली नाही. दोष हार्मोन्समध्ये नसून पिशवीतच असावा, असा संशय तिथेच यायला हवा होता. त्याऐवजी बीज तयार होण्याची इंजेक्शनं सुरू झाली. बीज तयार होतच होतं. ते रुजायला जागा नव्हती.

पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "क्युरेटिंगच्या आधी पाळी कशी होती? नंतर कशी झाली?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग दुर्बिणीतून तपासणी झाली, म्हणजे हिस्टेरोस्कोपी. पिशवीच्या पुढच्या आणि मागच्या भिंती जागोजागी एकमेकींना चिकटल्या होत्या. याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात; जोसेफ ॲशरमन या डॉक्टरांनी १९४८ साली त्यावर सविस्तर लिहिलं. बाईंनी मला समजावलं ते असं : पिशवीच्या अस्तराचा वरचा थर दर महिन्याला गळतो आणि खालच्या थरातून पुन्हा तयार होतो. विळ्याने कापलेलं गवत परत येतं, मुळासकट खरवडलं तर येत नाही. खरवडताना खालचा थर गेला की भिंती उघड्या पडतात आणि भरून येताना एकमेकींना धरतात. आपल्याकडे पिशवीच्या क्षयामुळेही असं होतं, म्हणून माझी तीही तपासणी केली. साध्या सोनोग्राफीत हे चिकटलेपण बऱ्याचदा दिसत नाही.

दुर्बिणीतूनच ते सोडवलं, अस्तर वाढावं म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं. ही दुसरी तपासणी खर्चाकडे बघून टाळू नका. माझ्या पिशवीत एका कोपऱ्यात पुन्हा धागे धरायला लागले होते, ते तेव्हाच सोडवता आले. त्यानंतरच्या महिन्यात तीन दिवस लाल पाळी आली. मी न्हाणीघरात बसून रडले.

दिवस राहिले तेव्हा वाटलं, सुटलो. तसं नसतं. अशा पिशवीत वार खोलवर रुतण्याचा धोका असतो. मग बाळंतपणानंतर ती सुटत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना क्युरेटिंग आणि दुर्बीण, दोन्ही सांगा. सोनोग्राफीत वार कुठे आहे आणि कशी आहे हे मुद्दाम पाहायला सांगा. जिथे रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ हाताशी आहेत तिथेच बाळंतपण करा. माहेरच्या गावचा दवाखाना जवळचा असला, आई तिथे असली, तरीही. माझी वार सुटलीच नाही, हात घालून काढावी लागली. दोन पिशव्या रक्त आधीच आणून ठेवलं होतं. मुलगी आता तीन वर्षांची आहे.

मला सगळ्यात जास्त सलतं ते सुरुवातीचं. खरवडून साफ करण्याची पद्धत आता जुनी झाली आहे, तिच्याऐवजी हवेच्या दाबाने ओढून घेण्याची पद्धत किंवा गोळ्या वापराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ सालीच स्पष्ट लिहिलं होतं. मी विचारलंच नाही. तुम्ही विचारा : गोळ्यांनी होईल का? नाही तर कोणत्या पद्धतीने करणार? खूप रक्त जात असेल तर थांबायला वेळ नसतो, हे मान्य. पण माझ्याकडे एक रात्र होती. आणि नंतर दोन पाळ्या ओळीने कमी आल्या, किंवा पोट दुखूनही पाळी आलीच नाही, तर "होतं असं" ऐकून परत येऊ नका. दुर्बिणीने बघायचं का, असं थेट विचारा.

कार्ड हरवलं असेल तर दवाखान्यात लेखी अर्ज करा. भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात, असा नियम आहे. माझ्या पिशवीत नेमकं काय वापरलं होतं, हे बाळंतपणाआधी बाईंना हवं होतं. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा चौथं वर्ष चालू होतं.