पीकसंरक्षक औषधांची विक्री : होतकरू विक्रेत्याचे शिक्षण

मुखेड तालुका हा बालाघाटाच्या डोंगररांगांतील, बहुतांशी पावसावर अवलंबून असलेला मुलूख आहे. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर, मूग व उडीद आणि रब्बीत हरभरा व ज्वारी ही येथील प्रमुख पिके होत. पिकावर कीड दिसली म्हणजे शेतकरी कृषी सेवा केंद्राची पायरी चढतो व अळीवर औषध मागतो. औषध हा शब्द तोंडी रुळला असला, तरी ती वस्तू मूलतः विष आहे. शिवाय माणसांची औषधे विकणाऱ्यापुढे डॉक्टरांची चिठ्ठी असते. पिकाचे औषध विकणाऱ्यास रोगाचे निदान व औषधाची निवड ही दोन्ही कामे बहुधा एकट्यानेच करावी लागतात. म्हणून या व्यवसायात पडू इच्छिणाऱ्या तरुणाने भांडवलाआधी शिक्षणाची तजवीज करणे अगत्याचे आहे.

परवाना व पात्रता

कीटकनाशक कायदा, 1968 व त्याखालील 1971 चे नियम यांनुसार परवान्यावाचून कीटकनाशके विकता येत नाहीत. नव्या परवान्यासाठी कृषी अथवा विज्ञान शाखेतील विहित शिक्षण किंवा पीकसंरक्षणाचा अंतर्भाव असलेली मान्य पदविका लागते. निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने 2003 साली 'देसी' हा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. तो 48 आठवड्यांचा असून आठवड्यातून एक दिवस चालतो. त्यात 40 वर्ग व 8 शिवारभेटी असतात. त्यामुळे दुकान न मोडता शिकता येते.

दुकानात शिकावयाच्या गोष्टी

1. निदान : हरभऱ्याचे घाटे पोखरले जात असल्याची तक्रार आली, तर लगेच बाटली पुढे करू नये. झाड पाहावे, अळ्या किती व केवढ्या आहेत ते विचारावे. सुरुवातीस 5 टक्के निंबोळी अर्क व शेतातील पक्षिथांबे यांनी काम भागू शकते. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच रासायनिक औषध सुचवावे.

2. वेष्टन : वेष्टनावरील रंगीत त्रिकोण विषारीपणाची पायरी दाखवितो. तांबडा सर्वांत विषारी. त्यानंतर अनुक्रमे पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज होऊ देऊ नये.

3. हिशेब : इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के हे दाणेदार औषध हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी हेक्टरी 220 ग्रॅम, 500 लिटर पाण्यातून फवारावयाचे असते. म्हणजे 10 लिटरला 4.4 ग्रॅम व 15 लिटरच्या पंपास 6.6 ग्रॅम पडते. 'एक झाकण टाका' असे मोघम सांगणारा विक्रेता शेतकऱ्याचा पैसा व पीक दोन्ही धोक्यात घालतो.

4. नोंद : साठ्याची नोंदवही, उत्पादक कंपनीचे उगम प्रमाणपत्र, आणि गट क्रमांक व मुदतीची तारीख असलेले बिल ही विक्रेत्याची खरी ढाल होय. बिलावाचून शेतकऱ्यास दाद मागणे कठीण जाते.

अज्ञानाची किंमत

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले; शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. उंच वाढलेली कपाशी, निरनिराळ्या औषधांचे मिश्रण आणि संरक्षक साधनांचा अभाव या कारणांची तेव्हा चर्चा झाली. मिश्रण करू नका, वाऱ्याविरुद्ध फवारू नका, हातमोजे व तोंडावर आच्छादन वापरा, फवारताना तंबाखू खाऊ नका, हे सांगण्याची शेवटची संधी गल्ल्यापाशीच मिळते. विषबाधा झाल्यास बाटली व माहितीपत्रक घेऊन रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे, हेही सांगावे. माहितीपत्रकावर उताऱ्याचा उल्लेख असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

आपल्या गावातील शिकलेल्या तरुणांपैकी कोणास या व्यवसायाची आवड आहे, हे पाहून त्यांस तालुका कृषी कार्यालय, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे पाठवावे. हंगामापूर्वी विक्रेत्यांस शिवारात नेऊन किडी प्रत्यक्ष दाखवाव्यात. शेतकऱ्यांनीही परवाना दर्शनी लावलेला आहे काय ते पाहावे, मात्रा लिहून घ्यावी व बिल मागावे. शेतकरी विचारू लागला, म्हणजे विक्रेत्यासही शिकत राहावे लागते.