छोट्या इंजिनाचा दिवा : निवड आणि हिशेब

हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्याला रेल्वेची ओळख करून द्यावी लागत नाही. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची मुख्य इमारत मूळची सदर्न मराठा रेल्वेच्या कचेरीची. २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीत आहे. अशा गावात कुणाला रेल्वेच्या प्रतिकृतींचा नाद लागला तर नवल नाही. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तेथील गाड्या पाहिलेल्या कुणालाही मान्य होईल, की अंधार केल्यावर इंजिनात जीव येतो तो दिव्यामुळेच.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वस्तू घेण्यापूर्वी हिशेब मांडावा, ही आमची शिकवण. छोट्या इंजिनासाठी एलईडी दिवा निवडताना तो हिशेब कसा मांडावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. इंजिनाच्या किमतीपुढे दिव्याची किंमत नगण्य. पण चुकीच्या दिव्याने नुकसान होते ते इंजिनाचे. माझ्या मामांनी मला दिलेल्या जुन्या इंजिनात मूळचा तारेचा बल्ब होता. त्याच्या उष्णतेने प्लॅस्टिकचे छत आतून वितळून फुगले होते.

पहिला हिशेब उष्णतेचा. १२ व्होल्टवर ५० मिलिअँपिअर प्रवाह घेणारा बल्ब धरला, तर तो ०.६ वॅट खर्च करतो आणि त्यातील बहुतेक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. एलईडीला ५ मिलिअँपिअर पुरतात. म्हणजे एकूण खर्च ०.०६ वॅट. दहापट बचत, आणि छतही सुरक्षित.

दुसरा हिशेब आकाराचा. एचओ या प्रचलित मापात प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्शाएवढी असते. दुकानात सहज मिळणारा ५ मिलिमीटरचा एलईडी ८७ ने गुणला, तर ४३५ मिलिमीटर होतो. शिरोदिवा म्हणून तो परातीएवढा दिसेल! ३ मिलिमीटरचा २६१ होतो. जुन्या वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या दिव्याला तो चालून जाईल. डिझेल इंजिनांना जुळे शिरोदिवे असतात, त्यांना १.८ मिलिमीटरचा एलईडी अथवा पायांवाचूनचा चपटा ‘०६०३’ प्रकार घ्यावा. हा प्रकार १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद असतो. सोल्डर करायला हात स्थिर हवा आणि चिमटा हवा. पण शोभतो तोच.

तिसरी गोष्ट रंगाची. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या थरानुसार प्रकाश निळसर किंवा पिवळसर येतो. वाफेच्या आणि जुन्या डिझेल इंजिनाला सुमारे ३००० केल्विनचा पिवळसर पांढराच घ्यावा. निळसर पांढरा अगदी अलीकडच्या इंजिनाला शोभतो. खरेदी करताना ‘पांढरा द्या’ एवढेच म्हणू नये, पेटवून पाहावा.

आता मुख्य गणित. एलईडी थेट १२ व्होल्टला जोडला तर क्षणात जळतो. ठरावीक व्होल्टच्या पुढे त्यातील प्रवाह बेसुमार वाढतो; तो आवरण्यासाठी ओळीत रेझिस्टर लागतो. रीत सोपी आहे : रुळातील व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करावेत आणि उरलेल्याला प्रवाहाने भागावे. पांढऱ्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात. १२ वजा ३ म्हणजे ९. ९ भागिले ०.००५ म्हणजे १८०० ओहम. हा रेझिस्टर बाजारात तयार मिळतो. त्यावर खर्च होणारी शक्ती ०.०४५ वॅट, म्हणून पाव वॅटचा घेतला तरी पुरेसा. जुळ्या दिव्यांना एकच रेझिस्टर वाटून देऊ नये. दोघांच्या व्होल्टमध्ये किंचित फरक असतो आणि एकच अधिक प्रवाह ओढतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा.

साध्या डीसी पद्धतीत गाडी उलट चालवली, की रुळातील धन-ऋण बदलतात. एलईडी एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो, आणि उलटे व्होल्ट साधारण ५ च्या वर गेले तर बिघडू शकतो. उपाय असा : पुढचा पांढरा आणि मागचा लाल हे दोन एलईडी एकमेकांना उलटे जोडून दोघांत एक रेझिस्टर द्यावा. दोन्ही एका वेळी पेटत नसल्याने येथे वाटणीचा प्रश्न येत नाही. एक पेटला, की दुसऱ्यावरचे उलटे व्होल्ट ३ च्या आत राहतात. गाडी पुढे निघाली की पांढरा, मागे सरली की लाल. एकाच दिव्याचे काम असेल तर लालच्या जागी साधा १एन४१४८ डायोड उलटा लावावा.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. रुळात ४ व्होल्ट असताना याच जोडणीत जेमतेम अर्धा मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. म्हणून संथ गाडीचा दिवा मंद दिसतो. तेवढ्यासाठी रेझिस्टर फार लहान करू नये, कारण पूर्ण वेगात प्रवाह वाढेल. बहुतेक छोट्या एलईडींची कमाल मर्यादा २० मिलिअँपिअर असते. डीसीसी या अंकीय पद्धतीत मात्र रुळात व्होल्ट कायम राहतात व दिवा डीकोडर सांभाळतो. तेथे १४ व्होल्ट धरून हिशेब केला तर २२०० ओहम येतात.

आमच्या वर्गातील कन्नड मित्र उजेडाला ‘बेळकु’ म्हणतात, आम्ही उजेड म्हणतो. रेझिस्टरचा भागाकार दोन्ही भाषांत एकच येतो. तेव्हा दुकानात जाताना खिशात चार गोष्टी लिहून न्याव्यात : दिव्याचा आकार, त्याचा रंग, रुळातील कमाल व्होल्ट आणि रेझिस्टरचे ओहम. एवढे केले, तर महिनोन्महिने पैसे साठवून घेतलेले इंजिन चार रुपयांच्या दिव्यापायी वाया जाणार नाही.