जुनी उपकरणे, नव्या संचालन प्रणाली : सेटअप सॉफ्टवेअरचा प्रश्न

औद्योगिक उपकरणांचे आयुष्य आणि त्यांना जोडल्या जाणाऱ्या संगणकांचे आयुष्य यांत मोठी तफावत असते. पाणीपुरवठा केंद्रातील पंप किंवा कारखान्यातील भट्टी नियंत्रित करणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी, वीस ते तीस वर्षे सहज काम करतो. सीमेन्स कंपनीची १९७९ मध्ये आलेली सिमॅटिक एस-५ ही मालिका याचे ठळक उदाहरण होय. याउलट, संगणकाची संचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, साधारणतः दहा-बारा वर्षांत निवृत्त होते. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली व तिचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे सेटअप सॉफ्टवेअर. उपकरणात कार्यक्रम भरणे, मूल्ये ठरवणे, दोष वाचणे ही कामे त्याच्याद्वारे होतात. उपकरण सुरळीत चालू असताना त्याची आठवणही होत नाही. परंतु अनेक जुन्या नियंत्रकांत कार्यक्रम बॅटरीच्या आधाराने स्मृतीत टिकून राहतो. बॅटरी संपलेली असताना वीज गेली, तर कार्यक्रम पुसला जातो व सुस्थितीतील यंत्र निरुपयोगी ठरते. त्या वेळी जुने सॉफ्टवेअर चालवू शकणारा संगणक हाताशी असणे, यावर संपूर्ण उत्पादन वा सेवा अवलंबून राहते.

अडचण कोठे येते?

पहिले कारण प्रक्रियकाच्या रचनेशी निगडित आहे. डॉस व विंडोज ३.१ च्या काळातील आज्ञावली १६-बिट होत्या. ३२-बिट विंडोजमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र सोय होती. ६४-बिट विंडोजमध्ये ती नाही आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध आहे. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मूळ आज्ञावली ३२-बिट असूनही तिची स्थापना करणारा भाग १६-बिट असू शकतो. अशा वेळी सॉफ्टवेअर चालण्याजोगे असूनही ते स्थापितच होत नाही. काही प्रचलित जुन्या स्थापना-आज्ञावलींच्या जागी विंडोज स्वतःहून ३२-बिट आवृत्ती वापरते, पण हा लाभ सर्वांना मिळत नाही.

दुसरे कारण अधिकारांचे. डॉस, विंडोज ९५ व ९८ मध्ये आज्ञावली संगणकाच्या पोर्टशी थेट व्यवहार करू शकत असे. एनटी घराण्यातील प्रणालींनी, म्हणजे एक्सपी व तिच्या पुढील सर्व आवृत्त्यांनी, हे काम केवळ ड्रायव्हरकडे सोपवले. पुढे ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी बंधनकारक झाली. ३२-बिट ड्रायव्हर तर ६४-बिट प्रणालीत चालतच नाही. परवान्याची खातरजमा करणारे डाँगल अनेकदा याच ठिकाणी अडते.

तिसरे कारण वेळेचे आहे आणि ते सर्वांत रंजक आहे. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या असंख्य आज्ञावली सुरू होताना संगणकाचा वेग मोजत असत. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या झाल्या ते मोजून त्या संख्येस ५५ ने भागले जाई. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच मावे. सुमारे २०० मेगाहर्ट्झपेक्षा वेगवान संगणक येताच उत्तर या मर्यादेबाहेर गेले आणि आज्ञावली ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडू लागली. संदेशात शून्याने भागाकार झाल्याचे म्हटलेले असे. वस्तुतः भाजक ५५ हाच होता! संगणक जुना झाल्यामुळे नव्हे, तर अतिवेगवान झाल्यामुळे सॉफ्टवेअर बंद पडल्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

जोडणीचा प्रश्न याच्याच जवळचा. नव्या लॅपटॉपवर आरएस-२३२ पोर्ट क्वचितच असतो, म्हणून यूएसबी परिवर्तक वापरावा लागतो. एका प्रचलित परिवर्तक चिपमध्ये आलेली माहिती पुढे पाठवण्यापूर्वी १६ मिलिसेकंद थांबण्याची मूळ मांडणी असते. उत्तर ठरावीक क्षणांत येईल अशी अपेक्षा करणारे जुने सॉफ्टवेअर तेवढ्यात संपर्क तुटल्याचे जाहीर करते. ही मूल्ये कमी करता येतात, पोर्टचा क्रमांकही बदलता येतो. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

उपाय आणि त्यांची किंमत

सुसंगतता पद्धती हा विंडोजमधील उपाय सोपा असला तरी ड्रायव्हरपुढे तो निष्प्रभ ठरतो. डॉसबॉक्स प्रक्रियकाचा वेगही मुद्दाम कमी करू शकते. मात्र ते खेळांसाठी घडवलेले साधन आहे. आभासी संगणक, म्हणजे नव्या प्रणालीच्या आत चालवलेली जुनी प्रणाली, हा तुलनेने भक्कम मार्ग होय. मायक्रोसॉफ्टनेही २००९ मध्ये विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ या नावाने तो दिला होता. परंतु ज्या आज्ञावलींना वेळेची अत्यंत काटेकोर गरज असते, त्यांच्यासाठी आभासी संगणकही पुरेसा ठरत नाही. तेथे जतन केलेला जुना लॅपटॉपच कामी येतो. मार्ग कोणताही असो, उपकरणातील कार्यक्रम आधी वाचून साठवावा व मगच लेखन करावे. लेखन अर्ध्यावर तुटल्यास उपकरण कायमचे निकामी होऊ शकते.

जुनी प्रणाली जाळ्याला जोडणे मात्र धोक्याचे आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने सीमेन्सच्या स्टेप-७ या सेटअप सॉफ्टवेअरमधील एक संचिका बदलून त्यामार्गे नियंत्रकांत प्रवेश केला. त्याचे लक्ष्य इराणमधील नातान्झ असल्याचे मानले जाते. तथापि, सिमँटेकच्या अहवालानुसार इराण व इंडोनेशियानंतर सर्वाधिक बाधित संगणक भारतात आढळले होते. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्यात इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८१ ट्रस्ट बाधित झाले. त्या वेळी मायक्रोसॉफ्टला साहाय्य संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसृत करावी लागली. भारतात अशा संरक्षणासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-अ अन्वये २०१४ मध्ये राष्ट्रीय अतिमहत्त्वाच्या माहिती पायाभूत सुविधा संरक्षण केंद्र अधिसूचित झाले. सर्ट-इन २००४ पासूनच कार्यरत आहे.

खरेदीच्या वेळी मात्र हा विचार सहसा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निविदेत उपकरणाची किंमत व हमीकाळ पाहिला जातो. सेटअप सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत राहील, उत्पादकाने ते बंद केल्यास मूळ संकेत कोणाकडे राहील, हे विचारले जात नाही. भारत सरकारचे २०१० चे मुक्त मानकांविषयीचे धोरण ई-शासनापुरते आहे. पीएलसीच्या भाषांसाठी आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ पासून अस्तित्वात आहे. पण त्याने भाषा निश्चित केल्या, कार्यक्रम साठवण्याच्या संचिकेचे स्वरूप नव्हे. त्या देवाणघेवाणीसाठीचे ६११३१-१० हे मानक २०१९ मध्ये आले. तोपर्यंत बसवलेल्या असंख्य नियंत्रकांचे कार्यक्रम आजही त्या-त्या उत्पादकाच्या स्वतंत्र स्वरूपातच आहेत.