शर्यतीचा पैसा आणि अश्वरोगांचे संशोधन

घोड्यांची शर्यत हा श्रीमंतांचा शौक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. परंतु याच समजुतीमुळे अश्वरोगांच्या संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च करणे म्हणजे शौकिनांचे लाड पुरविणे, असे मत अनेकदा मांडले जाते, आणि ते मात्र तपासून पाहणे आवश्यक आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे सुमारे ३ लाख ४० हजार, गाढवे १ लाख २० हजार आणि खेचरे ८० हजारांच्या घरात आढळली. शर्यतीचे घोडे हा त्यांतील लहानसा हिस्सा होय. उरलेली जनावरे टांग्याला, वीटभट्टीवर, डोंगरवाटेवरील ओझ्याखाली आणि लग्नाच्या वरातीत राबतात. सर्पदंशावरील प्रतिविषही घोड्याच्याच रक्तजलापासून तयार केले जाते.

मुंबईत महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासून शर्यतींसाठी वापरात आले. पुढे मुंबई सरकारने १९१२ मध्ये परवान्यांचा आणि १९२५ मध्ये पैजेवरील कराचा कायदा केला, तेव्हापासून शर्यत हे सरकारी उत्पन्नाचे एक साधन बनले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पैज व जुगार हा विषय ३४ व्या नोंदीत आहे. पशुधनाचे संरक्षण, पशुरोगांना प्रतिबंध व पशुवैद्यकीय शिक्षण हे विषय १५ व्या नोंदीत आहेत. म्हणजे पैजेचे नियमन आणि जनावरांच्या रोगांची जबाबदारी ही दोन्ही कामे एकाच राज्याच्या पदरी येतात, परंतु त्या दोहोंत पैशाचा दुवा कायद्याने घातलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. तरीही कराच्या बाबतीत तिची गणना जुगाराच्याच पंक्तीत होत राहिली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, त्यात शर्यतीवरील पैजेचा दर २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के करण्यात आला. हा पैसा केंद्र व राज्यांच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. तो घोड्यापासून आला, एवढीही खूण त्याच्यावर राहत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग स्वीकारला गेला. तेथे १९६१ च्या कायद्याने आकारणी मंडळ स्थापन झाले. बुकींच्या उत्पन्नातून ठरावीक आकारणी घेऊन ती तीन कामांसाठी वापरावयाची, असा त्याचा हेतू आहे: अश्वजातींची सुधारणा, पशुवैद्यकशास्त्राची प्रगती आणि शर्यतींची सुधारणा. ही पद्धत येथे जशीच्या तशी आणावी असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण तेथील अश्वपालनात शर्यतीला जे स्थान आहे ते येथे नाही. शिवाय असा निधी शर्यतीच्या घोड्याभोवतीच घुटमळण्याचा धोका असतो. गाढवाचा वाटा त्यात कोण मागणार?

भारतात हे काम प्रामुख्याने केंद्राच्या पैशावर उभे राहिले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८५ मध्ये हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र स्थापन केले. दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, उत्तर भारतात घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली. पुन्हा २००८ मध्ये जम्मूतील कटरा येथून तशीच साथ निघाली आणि अनेक राज्यांत पसरली. हा विषाणू खोकल्यावाटे वेगाने फैलावतो. मृत्यू फारसे होत नाहीत, परंतु जनावर कित्येक आठवडे कामास निरुपयोगी होते. पहाडात यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्याची तेवढ्या काळाची कमाई बुडते. विषाणू आपले रूप बदलत असल्याने जुन्या लशीचा उपयोग कमी होत जातो. त्यासाठी केंद्राने देशातच मिळालेल्या विषाणूपासून लस तयार केली व नव्या साथीनंतर ती सुधारली.

ग्लँडर्स हा रोग याहून गंभीर होय. नाकातून चिकट स्राव, कातडीखाली गाठी व त्यांचे फुटलेले व्रण ही त्याची लक्षणे. त्यावर लस नाही. बाधित जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. माणसालाही तो होतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतो. महाराष्ट्रात २००६ मध्ये पुणे व पाचगणी परिसरात तो आढळला. निदानाची जुनी पूरकबंधन चाचणी गाढव व खेचरांच्या रक्तजलावर अनेकदा निष्कर्षच देत नाही. केंद्राने विकसित केलेल्या एलायझा चाचणीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. शर्यतीच्या मालकापेक्षा या चाचणीची गरज वीटभट्टीवाल्याला अधिक होती, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

समजा, वडोदऱ्याजवळील बाजवा येथे वरातीच्या एका घोड्याच्या नाकातून स्राव वाहू लागला. मालकाने दवाखान्यात खबर दिली, रक्तजलाचा नमुना तपासणीस गेला आणि रोग सिद्ध झाला, तर घोडा जाईल. घोडा हेच कुटुंबाच्या पोटापाण्याचे साधन असेल, तर नुकसानभरपाई किती व केव्हा मिळेल यावर खबर देणे न देणे अवलंबून राहते. भरपाईस विलंब लागतो असे ऐकलेला मालक घोडा रातोरात दुसऱ्या गावी विकून मोकळा होतो आणि रोगही त्याबरोबर पुढच्या गावात, तेथील तबेल्यात पोहोचतो. तो तबेला शर्यतीच्या घोड्यांचाही असू शकतो.